रोशा गवताचे तेल आणि किण्वजन्य संसर्ग : एका दाव्याचा इतिहास

प्रस्तावना

गेल्या काही दशकांत वनस्पतिजन्य बाष्पनशील तेलांच्या कवकरोधी गुणधर्मांवर विपुल संशोधन झाले आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतूनही हा विषय विशेष लोकप्रिय आहे. ऊर्ध्वपातनाचे साधे उपकरण, कॅन्डिडा अल्बिकन्स या किण्वाचे संवर्ध आणि अगारच्या काही तबकड्या एवढ्या सामग्रीवर हे काम उभे राहू शकते, हे त्याचे एक कारण होय. अशा निबंधांची सुरुवात बहुधा एका ठरावीक वाक्याने होते : अमुक वनस्पतीचा उपयोग प्राचीन काळापासून कवकजन्य रोगांवर होत आला आहे. या वाक्यापुढे सहसा कोणी थांबत नाही. ते प्रास्ताविक समजून वाचक पुढे जातो.

वस्तुतः हे इतिहासविषयक विधान आहे आणि इतिहासाच्या कसोट्या त्यालाही लागू होतात. कोणत्या काळात, कोणत्या प्रदेशात, कोणत्या रोगासाठी ती वनस्पती वापरली गेली, आणि त्या काळी तो रोग कवकामुळे होतो हे कोणास ज्ञात होते काय, हे प्रश्न विचारावेच लागतात. प्रस्तुत लेखात खानदेश व निमाडच्या डोंगराळ भागातील रोशा गवताच्या तेलाचे उदाहरण घेऊन या प्रश्नांचा मागोवा घेतला आहे. या तेलाचा इतिहास, त्यातील प्रमुख घटकाचा इतिहास आणि किण्वजन्य संसर्गाच्या ज्ञानाचा इतिहास हे तीन प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाहत होते. ते एकत्र आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

गवत आणि त्याचे नामकरण

रोशा किंवा तिखाडी या नावाने ओळखले जाणारे हे बहुवर्षायू गवत सिंबोपोगॉन मार्टिनी या शास्त्रीय नावाने नोंदले जाते. गवती चहा हे याच प्रजातीतील त्याचे परिचित भावंड होय. संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘रोहिष’ या तृणाशी त्याची सांगड घातली जाते. तथापि प्राचीन ग्रंथांतील सुगंधी तृणांची नावे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत, की प्रत्येक नावाखाली आजची नेमकी कोणती जाती अभिप्रेत होती हे सांगताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते.

‘मार्टिनी’ हे नाव लखनौ येथील फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन (1735–1800) यांच्यावरून पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धकाळात घाटमाथ्यावरील पठारी प्रदेशात, म्हणजे त्या काळच्या भाषेत बालाघाटात, त्यांना हे गवत आढळले. जनावरे ते आवडीने खातात आणि त्याचा तीव्र गंध त्यांच्या दुधालाही येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी बी लखनौस नेऊन पेरले व पुढे ते कलकत्त्यास विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे पाठवले. रॉक्सबर्ग यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, 1820 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात आले. भारत व श्रीलंकेतील तेलगवतांच्या नावांचा गुंता मात्र त्यानंतरही बराच काळ राहिला. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टॅफ यांनी 1906 मध्ये या गवतांचा सविस्तर आढावा घेऊन तो पुष्कळसा सोडवला.

या जातीचे ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. मोतियापासून गुलाबासारख्या गंधाचे रोशा तेल मिळते. व्यापारात त्यास पामारोझा म्हणतात. सोफियाचे तेल हलक्या प्रतीचे समजले जाते व ते जिंजरग्रास या वेगळ्या नावाने विकले जाते. प्रयोगासाठी घेतलेले तेल नेमके कोणत्या प्रकाराचे आहे, हे आजच्या निबंधांतही नोंदले जाणे आवश्यक असते.

जंगलातील भट्टी आणि मुंबईचा व्यापार

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुख्यतः खानदेश, निमाड, वऱ्हाडचा डोंगराळ भाग आणि बैतूलचा परिसर येथील जंगलांत काढले जाई. पावसाळा संपून गवत फुलोऱ्यावर आले, की कापणीचा हंगाम सुरू होई. ओढ्याच्या काठी भट्टी मांडून तिच्यावर कढई चढवीत, तीत गवत व पाणी भरून झाकण मातीने लिंपून घेत, आणि वाफ बांबूच्या नळीवाटे वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरवीत. पाण्यावर तरंगणारे तेल निथळून वेगळे केले जाई. सरपण, वाहते पाणी आणि गवत या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र मिळत तेथेच हा उद्योग चाले. म्हणून त्याचे भवितव्य जंगलाशी बांधलेले होते. 1878 च्या भारतीय वन अधिनियमानंतर राखीव जंगलातील गवत व सरपण यांवर शासनाचे नियंत्रण आले आणि या उद्योगासही त्या चौकटीत बसावे लागले.

तयार तेल मुंबईस जाई व तेथून इंग्लंडकडे आणि तांबड्या समुद्रावरील बंदरांकडे रवाना होई. त्याचा फार मोठा वाटा शेवटी तुर्कस्तानात पोहोचे. तेथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी वापरले जाई. तत्पूर्वी त्यावर लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून ते उन्हात ठेवले जाई, म्हणजे त्याचा रंग व वास निवळत असे. युरोपातील बाजारात या तेलास ‘तुर्की जिरेनियम तेल’ किंवा ‘भारतीय जिरेनियम तेल’ म्हणत. जिरेनियम या वनस्पतीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ज्या प्रदेशात ते निघे त्याचे नाव व्यापाराच्या वाटेवर गळून पडले आणि ज्यांनी भट्ट्यांवर रात्री जागवल्या त्यांची नावे तर कोठेच नोंदली गेली नाहीत.

औषध म्हणून या तेलाची दखल 1820 च्या दशकातच घेतली गेली होती. कलकत्त्याच्या वैद्यक व भौतिक संस्थेच्या वृत्तांतात ‘निमाडच्या गवती तेला’वर टिपणे प्रसिद्ध झाली. फ्ल्यूकिगर व हॅनबरी यांचा ‘फार्माकोग्राफिया’ (1874) आणि डिमॉक, वॉर्डन व हूपर यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (1890–1893) या ग्रंथांतही त्याचा परामर्श घेतलेला आहे. या परंपरेत तेलाचा मुख्य वैद्यकीय उपयोग म्हणजे संधिवात व अंगदुखीवर बाहेरून चोळणे हा होय. म्हणजे ज्या उपयोगासाठी आज हे तेल प्रयोगशाळेत तपासले जाते, तो त्या काळच्या वैद्यकीय ख्यातीचा मुख्य विषय नव्हता.

रोगकारक किण्वाची ओळख

तो विषय होणे शक्यही नव्हते, हे कालक्रम पाहिल्यास स्पष्ट होते. तान्ह्या मुलांच्या तोंडात येणारा पांढरा थर वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु तो सजीव कवकामुळे येतो ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आली. बर्नहार्ड लांगेनबेक यांनी 1839 मध्ये आंत्रज्वराने मृत झालेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतील थरात कवक पाहिले, पण त्याचा संबंध त्यांनी त्या ज्वराशी जोडला. 1840 च्या दशकात स्वीडनमध्ये फ्रेडरिक बेर्ग आणि पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांनी मुखातील थराचे कवकजन्य स्वरूप दाखवून दिले. शार्ल रोबँ यांनी 1853 मध्ये त्या कवकास ‘ओइडियम अल्बिकन्स’ हे नाव दिले. पुढे ते मोनिलिया या प्रजातीत गेले आणि 1923 मध्ये डच संशोधक क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी कॅन्डिडा ही प्रजाती स्थापन केली.

निमाडच्या तेलावरील पहिली टिपणे छापली गेली तेव्हा अशा रीतीने किण्वजन्य संसर्ग ही संकल्पनाच अस्तित्वात नव्हती. म्हणून ‘कवकरोधी’ हे विशेषण त्या काळातील उपयोगास लावणे हा कालविपर्यास ठरतो. लोकांच्या अनुभवाला येथे कमी लेखावयाचे नाही. खाज, चट्टे, तोंडातील व्रण यांवर लोकांनी अनेक वनस्पती वापरल्या असतील व त्यांपैकी काहींचा गुणही आला असेल. परंतु त्या उपयोगाचे कारण त्यांनी कवकात शोधले नव्हते आणि आपण ते त्यांच्या तोंडी घालू नये.

जिरॅनिऑल : तेलातून रेणूकडे

दुसरा प्रवाह रसायनशास्त्राचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोब्सेन यांनी 1871 च्या सुमारास ‘भारतीय जिरेनियम तेला’तून एक अल्कोहॉल वेगळे केले व त्यास जिरॅनिऑल हे नाव दिले. ते तेल म्हणजेच रोशा गवताचे तेल होते. गुलाब, सिट्रोनेला आणि खऱ्या जिरेनियमच्या तेलातही आढळणारा हा रेणू प्रथम हाती आला तो भारतीय गवतातून. परंतु व्यापारी नावाच्या गफलतीमुळे त्यास नाव मिळाले ते जिरेनियमचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टीमान व झेमलर यांच्या कार्यातून त्याची संरचना स्पष्ट झाली. बाष्पनशील तेलांच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारे ऑटो वालाख यांना 1910 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रोशा तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण सामान्यतः तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असते व त्याच्या जोडीस जिरॅनिल अॅसिटेट असते. या विपुलतेमुळेच सुगंध उद्योगात हे तेल जिरॅनिऑलचा महत्त्वाचा स्रोत ठरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनमधील पायनीनपासून संश्लेषित जिरॅनिऑल मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि नैसर्गिक तेलास स्वस्त स्पर्धक निर्माण झाला.

येथवर जिरॅनिऑलकडे पाहिले गेले ते सुगंधाच्या दृष्टीने. बाष्पनशील तेलांची जंतुनाशक शक्ती मोजण्याचे प्रयत्न मात्र समांतर चालू होते. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी 1887 मध्ये अनेक तेलांचा परिणाम अँथ्रॅक्सच्या जंतूंवर अभ्यासला. ते काम जीवाणूंवरचे होते. कवकांवर अनेक तेलांची एकत्रित चाचणी घेण्याचे काम 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॅस्पर मारुझेल्ला यांनी केले. म्हणजे शांबरलाँ यांच्यानंतर सुमारे 70 वर्षे उलटली होती.

मातीतून आलेली औषधे

मधल्या काळात वैद्यकाने किण्वांवरील औषध दुसऱ्याच ठिकाणी शोधले होते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन व रॅशेल ब्राउन या दोन संशोधिकांनी मातीतील स्ट्रेप्टोमायसिस नूर्साय या सूक्ष्मजीवापासून निस्टॅटिन मिळवले. 1950 मध्ये त्याची घोषणा झाली. हेझन न्यूयॉर्क शहरात व ब्राउन ऑल्बनी येथे असत आणि नमुने टपालाने ये-जा करीत. पाठोपाठ 1950 च्या दशकातच व्हेनेझुएलातील मातीतून अँफोटेरिसिन बी आले.

या शोधपरंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगाच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे कवकरोधी प्रतिजैविक मिळवले व 1961 मध्ये ते जाहीर केले. जातीच्या नावात गावाचे नाव आणि औषधाच्या नावात संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे राहिली. 1960 च्या दशकात अमेरिकेतही त्याच्या रुग्णचाचण्या झाल्या. खानदेशच्या गवताचे नाव व्यापाराने पुसले, पिंपरीचे नाव मात्र शास्त्राने जपले. संशोधन कोठे व कोणाच्या अधिकाराखाली होते यावर श्रेयाची नोंद अवलंबून असते, असे या तुलनेतून म्हणता येईल.

निस्टॅटिन काही वर्षांतच रुग्णांपर्यंत पोहोचले. त्यामागे ठरावीक रेणू, मोजता येणारी मात्रा, प्रमाणित उत्पादन आणि ते करणारी कंपनी या गोष्टी होत्या. तेलाच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट सहजसिद्ध नव्हती. गवताचा प्रकार, कापणीची वेळ, साठवण यांप्रमाणे त्याचे घटक बदलतात, ते पाण्यात विरघळत नाही आणि उघडे ठेवल्यास उडून जाते.

तेल व किण्व यांची भेट

1980 च्या दशकात किण्वसंसर्गाचे स्वरूप पालटू लागले. एड्सच्या साथीमुळे मुख व अन्ननलिकेतील कॅन्डिडा संसर्ग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. अमेरिकेत 1990 मध्ये मान्यता मिळालेले फ्लुकोनॅझोल हे त्यावरील प्रमुख औषध ठरले, पण त्या दशकातच त्यास प्रतिरोध करणारे किण्व आढळू लागले. पर्यायी द्रव्यांच्या शोधाला निकड आली व बाष्पनशील तेलांकडे नव्याने लक्ष गेले.

याच सुमारास, 1988 मध्ये, मार्टिन बार्ड व सहकाऱ्यांनी जिरॅनिऑल कॅन्डिडा व सॅकरोमायसिस या किण्वांच्या पेशीपटलाच्या कार्यात व्यत्यय आणते, असे दाखवले. त्याच्या उपस्थितीत पेशीतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते व वाढ खुंटते. खुद्द रोशा तेलाची सॅकरोमायसिसवरील क्रिया 2003 मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी अभ्यासली. तेथेही पटलाची हानी व पोटॅशियमची गळती आढळून आली. ऑस्ट्रेलियातील हॅमर, कार्सन व रायली यांनी 1999 मध्ये 52 तेले व अर्क दहा सूक्ष्मजीवांवर एकाच पद्धतीने तपासून प्रसिद्ध केले. कॅन्डिडा अल्बिकन्स त्या दहांपैकी एक होते. थाइम तेलाची त्यावरील किमान रोधक संहती अवघी 0.03 टक्के होती.

अशा रीतीने याकोब्सेन यांच्यानंतर सुमारे 117 वर्षांनी जिरॅनिऑल व कॅन्डिडा यांची प्रयोगशाळेत गाठ पडली. ‘प्राचीन काळापासून’ या शब्दांनी नेमका हाच कालखंड झाकला जातो.

परीक्षानळी ते रुग्ण

यापुढचा टप्पा अद्याप पूर्ण झालेला नाही. महाविद्यालयीन संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी अगार विसरण पद्धती मूलतः पाण्यात सहज पसरणाऱ्या प्रतिजैविकांसाठी सोयीची आहे. जलविरोधी तेल अगारमध्ये मंद गतीने पसरते व त्याची वाफ शेजारच्या विवराभोवतालच्या वाढीवरही परिणाम करू शकते. त्यामुळे निरोध-वलयाच्या व्यासावरून तेल व औषध यांची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. अमेरिकेतील प्रयोगशाळा मानक समितीने किण्वांच्या औषधसंवेदनशीलतेसाठी एम-27 ही द्रवमाध्यमातील प्रमाण पद्धती 1997 मध्ये मान्य केली. तेलांसाठी तीत पायसीकारक मिसळावे लागते आणि त्याचाही परिणाम तपासावा लागतो.

रुग्णांवरील पुरावा अल्प आहे. फ्लुकोनॅझोलला दाद न देणाऱ्या मुखसंसर्गाच्या 13 एड्सरुग्णांवर टी-ट्री तेलाच्या द्रावणाचा प्रयोग अमेरिकेत झाला व 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. मूल्यमापन करता आलेल्या 12 रुग्णांपैकी आठांना चार आठवड्यांत लाभ झाला, मात्र पूर्ण बरे झाले ते दोघेच. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय तेथील तेल ऑस्ट्रेलियातील वृक्षाचे होते. त्याचा निष्कर्ष रोशा तेलास जसाच्या तसा लावता येत नाही. जिरॅनिऑलमुळे काही व्यक्तींच्या त्वचेस अधिहर्षता होते. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशाने प्रसाधनांच्या वेष्टनावर ज्या 26 सुगंधी द्रव्यांची नोंद अनिवार्य केली त्यांत जिरॅनिऑलचा समावेश आहे. किण्वाचे पटल भेदणारे द्रव्य मानवी पेशींच्या पटलाबाबत निरुपद्रवी असेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरीकडे गरज वाढतच आहे. जपानमध्ये 2009 मध्ये वर्णिलेले कॅन्डिडा ऑरिस हे अनेक औषधांना प्रतिरोध करणारे किण्व भारतीय रुग्णालयांतूनही नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राधान्ययादीत कॅन्डिडा ऑरिस व कॅन्डिडा अल्बिकन्स ही दोन्ही सर्वोच्च गटात आहेत. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात शिरलेल्या अशा किण्वावर चोळण्याचे तेल हा उपाय होऊ शकत नाही. वरवरच्या संसर्गावर पूरक म्हणून, किंवा नव्या औषधाच्या रचनेस दिशा देणारा रेणू म्हणून, जिरॅनिऑलचा विचार मात्र निश्चितच करण्याजोगा आहे.

समारोप

रोशा तेलाच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या तेलाची जुनी ख्याती सुगंधाची व अंगदुखीवरील लेपाची होती. त्याची कवकरोधी शक्ती हा आधुनिक प्रयोगशाळेचा शोध आहे. दुसरी, आधुनिक असल्याने त्या शोधाचे मोल यत्किंचितही कमी होत नाही. उलट तो पुन्हा तपासता येतो, हेच त्याचे बळ आहे. तिसरी, परीक्षानळीतील यश व रुग्णाचे बरे होणे यांमधील अंतर परंपरेच्या उल्लेखाने भरून निघत नाही. ते प्रमाणित तेल, प्रमाणित पद्धती आणि नियंत्रित रुग्णचाचणी यांनीच भरून काढावे लागेल.

अध्यापक म्हणून आपली जबाबदारी येथेच सुरू होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द आले, की कोणत्या ग्रंथात, कोणत्या रोगासाठी आणि कोणत्या वर्षी, हे तीन प्रश्न समासात लिहिले जावेत. उत्तर सापडले तर प्रबंध समृद्ध होईल. न सापडल्यास ते वाक्य गाळून गवताचा प्रकार, संकलनाचे स्थळ व तेल काढणाऱ्यांची नोंद तेथे करावी. ज्या डोंगरांतून हे तेल दीडशे वर्षांपूर्वी परक्या नावाने बाहेर गेले, त्यांना निदान आपल्या निबंधांत त्यांचे नाव परत मिळेल.